दोन डीडीएस मॉड्यूल, एक मिक्सर: रडार रिसीव्हरमधली फेज ताब्यात ठेवायला शिका

शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं रडार उभारलेलं आहे, हे कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या कितीतरी मुलांच्या कानावरही आलेलं नसतं. विमानं शोधणं हे त्याचं काम नव्हे. १.९८ मेगाहर्ट्झवर सरळ वर स्पंद सोडायचे, साधारण ८० ते ९८ किलोमीटर उंचीवरून येणारे क्षीण प्रतिध्वनी पकडायचे आणि त्यावरून तिथल्या वाऱ्याची दिशा आणि वेग काढायचा, असं ते यंत्र. ९० किलोमीटरवरून प्रतिध्वनी परत यायला ६०० मायक्रोसेकंद लागतात. तो एकमेकींपासून दूर ठेवलेल्या अँटेनांवर घेतात. वर वारा वाहतो तसा जमिनीवर पडणारा प्रतिध्वनींचा नमुनाही सरकतो, एका अँटेनावर आधी आणि दुसऱ्यावर जरा नंतर दिसतो, आणि त्या फरकातून वारा मोजला जातो.

यात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की वेगवेगळ्या अँटेनांचे रिसीव्हर एकाच तालावर चालायला हवेत. प्रत्येकाचा ऑसिलेटर (लहर तयार करणारं सर्किट) आपापल्या मनाने चालला, तर दोन रिसीव्हरांमधला फरक वाऱ्यामुळे पडला की ऑसिलेटरमुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही. नवीन मुलं फ्रिक्वेन्सीच्या मागे लागतात, कारण तिचा आकडा मीटरवर लगेच दिसतो. फेज, म्हणजे लहर आपल्या चक्रात त्या क्षणी कुठे आहे ते, दिसत नाही, म्हणून ती मागे पडते. रडारचा रिसीव्हर मात्र फेजवरच उभा असतो. तेव्हा इथे सुरुवातच फेजपासून करू. विद्यापीठातल्या त्या रडारचीच फ्रिक्वेन्सी सरावाला घेऊ: १.९८ मेगाहर्ट्झ. ही इतकी खालची आहे की कॉलेजच्या साध्या दोन चॅनेलच्या ऑसिलोस्कोपवर सगळं उघड दिसतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा सगळा सराव टेबलावर, केबलच्या आत करायचा आहे. कुठेही अँटेना जोडायची नाही. हवेत सिग्नल सोडायचा असेल तर परवाना लागतो. हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडून परीक्षा देऊन मिळतो, आणि तो जरूर काढा, पण या कामासाठी त्याची वाट बघायची गरज नाही.

फेजमधून काय कळतं

तीन गिगाहर्ट्झचं रडार धरा. तरंगलांबी १० सेंटिमीटर. समोरची वस्तू फक्त अडीच सेंटिमीटर मागे सरकली, तर लहरीचा जाऊन-येऊन रस्ता ५ सेंटिमीटरने वाढतो, म्हणजे परत आलेल्या सिग्नलची फेज १८० अंशांनी फिरते. वस्तू चालती असेल तर ही फेज एकसारखी फिरत राहते, आणि त्या फिरण्याच्या वेगालाच आपण डॉप्लर म्हणतो. ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने येणाऱ्या गाडीचा डॉप्लर होतो २०० हर्ट्झ. तीनशे कोटी हर्ट्झमध्ये २०० हर्ट्झचा फरक शोधायचा आहे. आपला ऑसिलेटर तेवढ्या वेळात स्वतःच डुलत असेल, तर गाडी कुठली आणि ऑसिलेटर कुठला?

सामान

एडी९८५० ही डीडीएस चिप (डायरेक्ट डिजिटल सिंथेसायझर, म्हणजे आकड्यांवरून लहर बनवणारी) असलेली दोन मॉड्यूल घ्या. ऑनलाइन सहज मिळतात. सोबत पाच व्होल्टवर चालणारा अर्डुइनो उनो, एक एसए६१२ मिक्सर चिप (दोन सिग्नलचा गुणाकार करणारी), दहा मीटर आरजी-५८ केबल, काही बीएनसी कनेक्टर, ५० ओहमचे टर्मिनेटर आणि मिलिव्होल्ट नीट दाखवणारा मल्टिमीटर. ऑसिलोस्कोप कॉलेजचा चालेल.

मॉड्यूलला पाच व्होल्टच द्या. ही चिप ३.३ व्होल्टवरही चालते, पण त्या व्होल्टेजला तिच्या क्लॉकची मर्यादा ११० मेगाहर्ट्झ आहे आणि मॉड्यूलवर बसवलेला ऑसिलेटर १२५ मेगाहर्ट्झचा असतो. पाच व्होल्टवर चिप हाताला चांगली गरम लागते. घाबरू नका, पूर्ण वेगात ती सुमारे ३८० मिलिवॉट खाते.

डीडीएस आत काय करतं

चिपमध्ये ३२ बिटांचा एक बेरीज-रजिस्टर असतो. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला त्यात आपण दिलेला आकडा मिळवला जातो. रजिस्टर भरून वाहिला की एक चक्र पूर्ण. कुठल्याही क्षणी रजिस्टरमध्ये जी संख्या असते तीच लहरीची फेज. तिच्यावरून साइनची किंमत काढून ती डीएसीमधून (आकड्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा भाग) बाहेर येते. म्हणजे डीडीएसमध्ये फेज ही मोजायची गोष्ट राहतच नाही, ती सरळ लिहिता येणारी संख्या असते. म्हणूनच नवख्याने पीएलएलच्या (फेज-लॉक्ड लूप, त्याच्याबद्दल पुढे येईल) आधी डीडीएस हातात घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

आकडा काढायची रीत सोपी आहे: हवी ती फ्रिक्वेन्सी भागिले क्लॉक, गुणिले २ चा ३२ वा घात. १.९८ भागिले १२५ गुणिले ४२९४९६७२९६ केलं की ६८०३२२८१.९७ येतं. आपण ६८०३२२८२ लिहू. एका पायरीला ०.०२९१ हर्ट्झ फरक पडतो, त्यामुळे या पूर्णांकामुळे होणारी चूक एका हर्ट्झच्या हजाराव्या भागाहून कमी आहे. अर्थात क्लॉक नेमका १२५ मेगाहर्ट्झ असेल तर, आणि तो कधीच नसतो.

चिपला एका वेळी ४० बिट पाठवायचे असतात: ३२ फ्रिक्वेन्सीचे, २ कंट्रोलचे जे कायम शून्य ठेवायचे, १ पॉवर-डाउनचा आणि शेवटी ५ फेजचे. पाच बिट म्हणजे ३२ पायऱ्या, एक पायरी ११.२५ अंशांची. फेजच्या आकड्यात ८ लिहिलं की ९० अंश, १६ लिहिलं की १८०, २४ लिहिलं की २७०. सिरियल पद्धतीत सगळ्यात खालचा बिट आधी जातो, हे विसरू नका.

पहिला प्रयोग: तीन टप्प्यांत

दोन्ही मॉड्यूल शेजारी-शेजारी तांब्याच्या एका पत्र्यावर बसवा आणि ग्राउंड पत्र्याला आखूड सोल्डर करा. अर्डुइनोच्या रिसेट, डब्ल्यू-क्लॉक (एकेक बिट आत ढकलणारी) आणि एफक्यू-यूडी (आलेले बिट लागू करायला सांगणारी) या तीन तारा दोन्ही मॉड्यूलला सामाईक द्या. डेटाची तार मात्र प्रत्येकाला वेगळी. प्रोग्राममध्ये रिसेटचा स्पंद द्या, मग डब्ल्यू-क्लॉक आणि एफक्यू-यूडीचा एकेक स्पंद देऊन चिपला सिरियल पद्धतीत आणा, दोन्ही डेटा तारांवर एकाच वेळी आपापले ४० बिट सोडा आणि ते लागू करायला एफक्यू-यूडीचा आणखी एक स्पंद द्या. लो-पास फिल्टरमधून आलेल्या साइनच्या पिना ऑसिलोस्कोपच्या दोन चॅनेलना जोडा आणि ट्रिगर पहिल्या चॅनेलवर ठेवा.

पहिल्या टप्प्यात दोन्ही मॉड्यूल आपापल्या ऑसिलेटरवर चालू द्या. पहिली लहर स्थिर दिसेल, दुसरी पळताना दिसेल. दोन ऑसिलेटरांत दहा लाखात दहाचा जरी फरक असला, तरी १.९८ मेगाहर्ट्झवर तो सुमारे २० हर्ट्झ होतो, म्हणजे दुसरी लहर पहिलीच्या तुलनेत सेकंदाला वीस फेऱ्या मारते. आकडा दोघांना एकच दिलाय, तरीही. आता एका मॉड्यूलच्या ऑसिलेटरवर बोट टेकवा. त्याचं तापमान बदललं की पळण्याचा वेग बदलतो. हे डोळ्यांनी बघणं फार गरजेचं आहे, नुसतं वाचून ते मनात ठसत नाही.

दुसऱ्या टप्प्यात दुसऱ्या मॉड्यूलवरचा ऑसिलेटर काढून टाका. ओढून काढू नका, ट्रॅक उखडतो. चारही पायांना भरपूर सोल्डर लावून गरम करत सोडवा. पहिल्याच्या ऑसिलेटरचं आउटपुट आखूडात आखूड तारेने दुसऱ्याच्या क्लॉकच्या जागी द्या. दोन मॉड्यूलपर्यंत हे चालून जातं. तिसरं जोडायचं असेल तर क्लॉक बफरची चिप घ्या. पोरं कितीही असली तरी लेझीम एकाच हलगीवर चालते, तसं इथे सगळ्यांचा ठोका एकाच ठिकाणाहून यायला हवा. चालू केल्यावर दोन्ही लहरी जागच्या जागी उभ्या राहतील.

आता रिसेटची सामाईक तार काढून प्रत्येक मॉड्यूलला थोड्या वेगळ्या वेळी रिसेट आणि एफक्यू-यूडी द्या, आणि बंद-चालू करून बघा. लहरी स्थिरच असतील, पण दर वेळी त्यांच्यातलं अंतर वेगळं असेल. फ्रिक्वेन्सी जुळली म्हणजे फेज जुळली असं होत नाही, ते इथे पडद्यावर दिसतं. मग तिसरा टप्पा: तारा पुन्हा सामाईक करा. आता बंद-चालू केल्यावर लहरी दर वेळी त्याच जागी यायला हव्यात.

बहुतेकदा येतील, पण अधूनमधून दुसरी लहर ८ नॅनोसेकंदांनी मागे किंवा पुढे दिसू शकते. कारण असं की एफक्यू-यूडीची कड क्लॉकच्या कडेशी बांधलेली नसते. ती क्लॉकच्या अगदी कडेला आली, तर एक चिप या ठोक्याला ऐकते आणि दुसरी पुढच्या. १२५ मेगाहर्ट्झचा एक ठोका ८ नॅनोसेकंदांचा, आणि १.९८ मेगाहर्ट्झवर तो ५.७ अंश होतो. उपाय म्हणजे एफक्यू-यूडी आधी त्याच क्लॉकवर चालणाऱ्या वेगवान फ्लिप-फ्लॉपमधून घ्यायचा आणि दोन्ही मॉड्यूलपर्यंत सारख्या लांबीच्या तारांनी न्यायचा. सरावासाठी एवढं नको असेल, तर चालू केल्यावर एकदा फेज मोजून घ्या आणि तो फरक हिशोबात धरा. कितीतरी मोठ्या यंत्रांतही असंच कॅलिब्रेशन करतात.

आता फेजचे बिट बदला. आकडा १ ला लहर सुमारे १६ नॅनोसेकंदांनी सरकेल, ८ ला १२६ नॅनोसेकंदांनी. बिट बदलले आणि लहर मोजून तेवढीच सरकली, हे पहिल्यांदा बघताना मला जो आनंद झाला तो तुम्हालाही व्हावा.

दुसरा प्रयोग: मल्टिमीटरवर चालणारा रिसीव्हर

एका मॉड्यूलला आपण लोकल ऑसिलेटर (रिसीव्हरची स्वतःची लहर) मानू, दुसऱ्याला प्रतिध्वनी. एसए६१२ च्या ८ नंबरच्या पिनला ६ व्होल्ट आणि ३ नंबरला ग्राउंड. लोकल ऑसिलेटर ०.०१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून ६ नंबरला जातो, पण आधी त्याला रेझिस्टरच्या विभाजकाने २०० ते ३०० मिलिव्होल्ट पीक-टू-पीकवर आणा. प्रतिध्वनीचा सिग्नल १ नंबरला, तोही कपॅसिटरमधून, आणि इतका बारीक करून की दहा मिलिव्होल्टच्या आसपास राहील. जास्त दिला तर मिक्सर दबतो आणि आकडे खोटे बोलू लागतात. २ नंबर ०.१ मायक्रोफॅरडने ग्राउंडला. ४ आणि ५ नंबरच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरड लावा आणि मल्टिमीटरही त्याच दोन पिनांना, डीसी मिलिव्होल्टवर.

दोन्ही फ्रिक्वेन्सी एकच असल्यामुळे मिक्सरमधून डीसी बाहेर येतो, आणि तो दोन सिग्नलमधल्या फेजच्या कोसाइनच्या प्रमाणात असतो. पण मिक्सरचा स्वतःचाही काही ऑफसेट असतो, तो त्यात मिसळलेला. शिवाय एकट्या कोसाइनवरून कोन धन की ऋण हे कळत नाही. इथे फेजचे बिट कामाला येतात. लोकल ऑसिलेटरला ओळीने ०, ९०, १८० आणि २७० अंश द्या आणि चारही वेळा मीटर वाचून ठेवा.

समजा शून्याला ३१ मिलिव्होल्ट आले आणि १८० ला उणे १७. वजाबाकी ४८. तसंच ९० ला २५ आणि २७० ला उणे ११, वजाबाकी ३६. ऑफसेट दोन्ही वजाबाक्यांत आपोआप गळून गेला. ४८ ही एक बाजू, ३६ ही दुसरी, कर्ण ६०. हा कर्ण सिग्नलची ताकद सांगतो, आणि ३६ भागिले ४८ चा व्यस्त टॅन, म्हणजे ३६.९ अंश, ही त्याची फेज. रडारच्या रिसीव्हरमध्ये ज्यांना आय आणि क्यू म्हणतात ते हेच. खऱ्या यंत्रात दोन मिक्सर ही दोन्ही मापं एकाच वेळी घेतात. आपण एकाच मिक्सरवर पाळीपाळीने घेतली.

एक खबरदारी घ्या. एफक्यू-यूडी सामाईक असल्यामुळे लोकल ऑसिलेटरची फेज बदलताना दुसऱ्या मॉड्यूललाही त्याचे जुनेच ४० बिट पुन्हा पाठवावे लागतात. नाहीतर त्याच्या रजिस्टरमध्ये भलतंच काहीतरी भरतं आणि प्रतिध्वनीच गायब होतो.

दोन मिक्सरचा रिसीव्हर पुढे कधी बांधलात, तर ९० अंश किती काटेकोर हवेत याचा अंदाज असू द्या. एक अंशाची चूक असेल तर नको असलेली प्रतिमा (उलट दिशेच्या डॉप्लरची खोटी छाया) सुमारे ४१ डेसिबलनेच दबते. वर सांगितलेली एका ठोक्याची ५.७ अंशांची चूक राहिली, तर दाबणं २६ डेसिबलवर येतं. मग येणारी गाडी जाताना पण दिसते.

आता खरी कसोटी. प्रतिध्वनीच्या वाटेत आधी हातभर केबल ठेवून फेज काढा, मग तिच्या जागी दहा मीटर आरजी-५८ लावा. या केबलमध्ये लहर प्रकाशाच्या ०.६६ पट वेगाने जाते, म्हणजे मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद. १.९८ मेगाहर्ट्झवर मीटरमागे ३.६ अंश, दहा मीटरला ३६. केबलचं टोक ५० ओहमने नीट बंद केलेलं हवं, नाहीतर केबलच्या आतच परावर्तन होऊन उत्तर बिघडतं. आकडा दोन-तीन अंशांच्या आत आला, तर तुम्ही फेजवरून अंतर मोजलंत. रडार हेच करतं, फक्त केबलच्या जागी आकाश असतं.

वर चढताना: पीएलएल

गिगाहर्ट्झवर डीडीएस एकटा पुरत नाही. तिथे पीएलएल लागतो: एक व्होल्टेजवर चालणारा ऑसिलेटर, त्याची फ्रिक्वेन्सी भागणारा डिव्हायडर, भागलेला सिग्नल रेफरन्सशी (स्थिर मूळ लहर) ताडणारा फेज डिटेक्टर आणि मधला लूप फिल्टर. शिकायला एडीएफ४३५१ चा बोर्ड चांगला. तो ३५ मेगाहर्ट्झपासून ४४०० मेगाहर्ट्झपर्यंत जातो. आतला ऑसिलेटर खरं तर २२०० ते ४४०० मध्येच चालतो, खालच्या फ्रिक्वेन्सी २ पासून ६४ पर्यंत भागून मिळतात. रजिस्टर पाचपासून शून्यापर्यंत उलट्या क्रमाने लिहायचे असतात.

गुणाकारासोबत रेफरन्सचा आवाजही (नॉइज) वाढतो, २० लॉग एनने, एन म्हणजे फ्रिक्वेन्सी किती पट झाली ते. १० मेगाहर्ट्झवरून ३ गिगाहर्ट्झला जाताना एन ३०० आणि वाढ सुमारे ४९.५ डेसिबल. आता कुणी म्हणेल, मला १० किलोहर्ट्झच्या पायऱ्या हव्यात, म्हणून रेफरन्स भागून १० किलोहर्ट्झवर तुलना करतो. एन होतो तीन लाख आणि फेज डिटेक्टरचा आवाज १०९.५ डेसिबलने वर येतो. म्हणून बारीक पायऱ्यांसाठी अपूर्णांकी डिव्हायडर वापरतात, आणि त्याच्यासोबत येणारे स्पर (मूळ लहरीच्या आजूबाजूच्या नको असलेल्या फ्रिक्वेन्सी) सोसतात. लूपच्या बँडविड्थच्या आत रेफरन्सचा आवाज राज्य करतो, बाहेर ऑसिलेटरचा. बँडविड्थ वाढवली की फ्रिक्वेन्सी लवकर बदलते, पण स्परही जास्त निसटतात. यात दोन्ही बाजूंनी समाधान कधीच होत नाही, मोजून मधली जागा निवडावी लागते.

फेजच्या बाबतीत पीएलएलमध्ये तीन जागा फसव्या आहेत. आउटपुटचा डिव्हायडर लूपच्या बाहेर असेल, तर २ ने भागल्यावर फेज दोनपैकी कुठलीही एक लागते, ४ ने भागल्यावर चारपैकी एक. रेफरन्सलाच भागलं असेल, तर तिथेही तीच गत. आणि अपूर्णांकी डिव्हायडर कुठल्या अवस्थेतून सुरू झाला, यावर बाकीचं ठरतं. एडीएफ४३५१ मध्ये फीडबॅक भागलेल्या आउटपुटवरून घेण्याची सोय आहे, आणि फेज रीसिंकही आहे, जो लॉक झाल्यानंतर अपूर्णांकी भाग ठरलेल्या जागेवरून पुन्हा सुरू करतो. रीसिंकचा वेळ लॉक व्हायच्या वेळापेक्षा जास्त ठेवा. दोन बोर्ड घेऊन वरचे तिन्ही टप्पे इथेही करा, पण या वेळी रेफरन्स सामाईक. लॉकचा दिवा दोन्हीकडे लागेल. तो दिवा फ्रिक्वेन्सीबद्दल सांगतो, दोन बोर्डांच्या आपसातल्या फेजबद्दल काहीच सांगत नाही.

वीज, डबा आणि पाऊस

मोबाइलच्या चार्जरवर हे चालवू नका. ऑसिलेटरच्या कंट्रोल व्होल्टेजवर १०० हर्ट्झची लहर चढली, तर तीन गिगाहर्ट्झच्या रडारला ती ताशी १८ किलोमीटरने चालणारी वस्तू वाटते, आणि रिकाम्या खोलीत रोज सायकल फिरताना दिसते. लिनिअर रेग्युलेटर वापरा, ऑसिलेटरला वेगळा आणि डिजिटलला वेगळा.

प्रत्येक सिंथेसायझरला, डीडीएस असो की पीएलएल, धातूचा बंद डबा द्या. बाजारातले पत्र्याचे डबे चालतात, पण कोल्हापुरात राहून शिवाजी उद्यमनगरचा फायदा घेतला नाही तर काय उपयोग! ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात मिलिंग करून खण पाडून देणारे कारागीर तिथे आहेत. मापांचं साधं चित्र, भिंतींची जाडी आणि स्क्रूची भोकं एवढं कागदावर काढून न्या. दोन मॉड्यूलच्या खणांमध्ये भिंत ठेवायला सांगा, झाकणाला दर दोन-अडीच सेंटिमीटरला स्क्रू.

केबल गच्चीवर नेणार असाल, तर जुलैच्या आत कनेक्टर स्वतःला चिकटणाऱ्या रबरी टेपने गुंडाळून घ्या. कनेक्टरमध्ये ओल शिरली की फेज हळूहळू सरकते, आणि ती सरकतेय हे ताकदीच्या आकड्यावरून लवकर कळत नाही. दोन अँटेनांच्या केबल एकाच बंडलमधून, एकाच लांबीच्या काढा आणि एकत्र बांधून न्या, म्हणजे ऊन लागलं तर दोघींना सारखं लागेल. मोजमाप सुरू करण्याआधी सगळं अर्धा तास चालू ठेवा, आणि चारही फेजची वाचनं तारीख-वेळेसकट वहीत लिहा.